खाली बसा

"हा बसस्टँड नाही, बाई. खाली बसा."

आवाज दरडावणीचा नव्हता, हेच त्यातलं विष होतं. दारी आलेल्या पाहुण्यापुढे खुर्ची सरकवावी, तसा गोड आवाज. त्याच्या मागोमाग हसू आलं होतं. आधी पुढच्या बाकांवर, मग मधल्या, मग पार मागच्या भिंतीपर्यंत. भरल्या माठाला तडा जावा आणि पाणी जमिनीवरून वाट काढत जावं, तसं ते हसू ताईंच्या पायांपर्यंत आलं होतं. आणि ताई खाली बसल्या होत्या.

तेव्हा काळे असलेले केस आता पांढरे झाले होते. पण सकाळची घंटा झाली, मार्शलने "माननीय अध्यक्ष" म्हणून ललकारी दिली, सगळं सभागृह उभं राहिलं आणि ताई उंच खुर्चीच्या पायऱ्या चढू लागल्या, की तो आवाज न चुकता कानाशी यायचा. जुन्या दुखण्यासारखा. ढग नसले तरी ठणकणारा.

आज तर तो जास्तच जवळून आला. या विधानसभेचा आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून सगळे पुन्हा मतांसाठी दारोदार. म्हणून आमदारांच्या घरची माणसं वरच्या गॅलरीत येऊन बसली होती. दुपारी जिन्यावर सगळ्यांचा मिळून फोटो निघायचा होता. ताईंचे यजमानही आले होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांची, पाठीत वाकलेली वहिनी बसली होती. ताईंच्या धाकट्या भावाची बायको.

ताई खुर्चीत बसल्या. समोर नजर टाकली. उजवीकडे, शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला एक म्हातारा हात वर करून उभा होता.

ताईंना तो दिसला नाही.

म्हणजे, दिसला. पण सभागृहाचा रिवाज असा, की अध्यक्षांनी बघितल्याशिवाय कुणाला तोंड उघडता येत नाही. हात वर करा, उभे राहा, खाकरा, खोकला काढा. अध्यक्षांनी तुमच्याकडे बघून "बोला" म्हटलं, तरच तुमच्या जिभेला हाड नसल्याचा उपयोग. नाही बघितलं, तर तुम्ही तिथे असून नसल्यासारखे. लाखभर माणसांनी निवडून दिलेला आमदार, आणि एका डोळ्याच्या पापणीवर टांगलेला.

ती पापणी आता ताईंची होती.

त्यांची नजर म्हाताऱ्याच्या डोक्यावरून अलगद सरकली, मागच्या रांगेतल्या एका पोरसवदा आमदारावर थांबली.

"बोला," ताई म्हणाल्या.

पोरसवदा आमदार गडबडला. त्याने हात वर केलाच नव्हता. तो कान खाजवत होता.

सभागृह हसलं. म्हातारा हळूहळू खाली बसला. त्याला सगळे अजूनही 'थोरले' म्हणत. एके काळचे बांधकाममंत्री. पहिल्या बाकावर बसायचे तेव्हा त्यांच्या नुसत्या खाकरण्याने मागचे कागद चाळायचे थांबत. तो गोड आवाज त्यांचाच.

*

ताई मूळच्या बसस्टँडच्या. काचेच्या लहानशा खोलीत माइकपुढे बसून गाड्यांची घोषणा करायच्या. माइक असा, की दोन फलाटांपलीकडे त्याचा दम संपायचा. पुढचं काम गळ्याने करायचं. म्हणून आवाज पोटातून काढायची सवय लागली ती कायमची. पण त्या आवाजात माया होती. "गाडी सुटायला आली आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात," एवढं झालं की त्या पदरचं काहीतरी जोडायच्या. "निळ्या फ्रॉकमधलं बाळ चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. आईनं यावं. घाईत पडू नये, बाळाच्या हातात बिस्कीट आहे." शहरातल्या निम्म्या लोकांनी ताईंचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. जाणाऱ्याला तो निरोप द्यायचा, येणाऱ्याला हात धरून उतरवायचा.

धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर. आई-वडील लवकर गेले, त्याला ताईंनीच वाढवलेलं. अंगाने आडदांड, पण पोटाने बाळ. खोकल्याच्या औषधाच्या वासानेही त्याला मळमळायचं. सकाळी गाडी काढण्याआधी तो काचेच्या खोलीत यायचा, ताई थर्मासमधलं दूध पेल्यात ओतून द्यायच्या, तो उभ्याउभ्या प्यायचा आणि ओठांवरची पांढरी रेघ तशीच घेऊन गाडीकडे पळायचा. बाकीचे ड्रायव्हर टपलेलेच असायचे.

"काय रे दूधपित्या, दात आले का?"

"आले की. दाखवू चावून?"

आणि काचेआडून माइक चालू ठेवून ताई म्हणायच्या, "दूधपित्याच्या गाडीचे प्रवासी, आपली गाडी लागली आहे." सगळा फलाट हसायचा. तोही.

नदीवरच्या पुलाचा कठडा दुरुस्तीसाठी म्हणून काढला होता. काढला तो काढलाच. नवा बसवायचं काम बांधकाम खात्याकडे, आणि खातं कोणाची तरी वाट पाहत बसलेलं. महिने गेले, पावसाळा गेला, पुलाच्या काठाला साधा दोरसुद्धा कुणी बांधला नाही. एका धुक्याच्या सकाळी समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना बसचं मागचं चाक काठावर गेलं. कठडा असता तर पत्रा घासला असता, एवढंच. बस नदीत गेली. माणसं गेली. भाऊ गेला, स्टिअरिंगला धरून बसलेला सापडला.

आठवड्याने सभागृहात निवेदन झालं. बांधकाममंत्र्यांनी केलं. चालक मद्यधुंद अवस्थेत होता.

चार शब्द. पण नदीने नेलं नव्हतं ते त्या शब्दांनी नेलं. ज्यांची माणसं बुडाली त्यांना शिव्या द्यायला कुणीतरी हवंच होतं. वहिनीच्या खिडक्यांवर दगड आले. दुकानदार तिच्या हातात सुटे पैसे देईना, फळीवर ठेवायचा. भावाचं पेन्शन अडलं. तिने घर बदललं, मग गल्ली बदलली, मग रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालू लागली. रडली फारशी नाही. एकदाच म्हणाली, "वन्सं, माणूस गेला ते समजून घेईन. पण त्याला दारुड्या करून नेलं हो."

तेव्हा बसस्टँडनेच ताईंना उभं केलं. हमाल, कंडक्टर, कँटीनवाला, बूटपॉलिशवाला. पक्ष नाही, झेंडा नाही. एक मोडकी जीप आणि ताईंचा आवाज. जीप गल्लीत शिरली की बायका भांडी तशीच टाकून दारात यायच्या: "अगं, ही तर आपली गाडीवाली!" ज्यांनी कधी तोंड पाहिलं नव्हतं त्यांनी आवाजाला मत दिलं. ताई निवडून आल्या.

नव्या आमदाराच्या पहिल्या भाषणात कुणी मध्ये बोलू नये, असा त्या सभागृहाचा जुना शिरस्ता. वहिनी गॅलरीत येऊन बसली होती. ताई शेवटच्या रांगेतून उठल्या. पुलाचं सांगितलं, कठड्याचं सांगितलं. मग श्वास घेतला. आवाज आपोआप पोटातून आला, फलाटापलीकडे जाणारा.

"अध्यक्ष महोदय, त्या गाडीचा ड्रायव्हर—"

"हा बसस्टँड नाही, बाई. खाली बसा."

पुढचं सगळं आपण ऐकलंच आहे.

संध्याकाळी वहिनीने जिन्यात विचारलं, "झालं का, वन्सं, बोलून? मला वरून नीट ऐकू नाही आलं. सगळे हसत होते ना."

"वेळ संपली," ताई म्हणाल्या.

"मग उद्या?"

"उद्या."

तो उद्या आलाच नाही. ताई उठल्या की पुढून कुणीतरी तोंडाने हॉर्न वाजवायचा. 'स्टँडताई' हे नाव पडलं आणि चिकटलं. ताई एकदा उठल्या, दोनदा उठल्या, मग उठेनाशा झाल्या. बोलणाऱ्या बाईच्या घशात एक अर्धं वाक्य अडकून राहिलं, माशाच्या काट्यासारखं. गिळता येईना, काढता येईना. काम मात्र त्यांनी केलं. समित्यांमध्ये बसून, खालच्या आवाजात, अधिकाऱ्यांच्या मागे लागून. नळ आणले, दवाखान्याला खाटा आणल्या, त्या पुलाला कठडा तर पहिल्याच वर्षी. लोक निवडून देत राहिले. वहिनीने विचारायचं सोडून दिलं. ते न विचारणं ताईंना जास्त लागायचं.

आणि थोरल्यांवरचा राग? तो त्यांनी लोणच्यासारखा मुरवला. झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी.

मग एका निवडणुकीत दोन्ही बाजूंचं बळ सारखं झालं. अध्यक्ष कुणाला करायचं यावरून मारामारीची वेळ आली. शेवटी कुणीतरी म्हणालं, स्टँडताईंना करा. त्या बोलतच नाहीत, तर भांडतील कशाला?

घरी घड्याळजी डोळ्याचं भिंग काढून म्हणाले, "अगं, पण अध्यक्षाला चर्चेत भाग घेता येत नाही म्हणे. सगळ्यांना बोलायला लावायचं, आपण गप्प. तुला तर बोलायचं होतं ना?"

"मला आता बोलायचं नाहीये. न बघायचंय."

"म्हणजे?"

"कळेल."

कळलं. सगळ्या राज्याला कळलं. पहिल्याच दिवशी थोरल्यांनी सवयीने हात अर्धा वर केला. त्यांना पूर्ण वर करायची कधी गरजच पडली नव्हती. ताईंची नजर त्यांच्यावरून पाण्यावरच्या पाखराच्या सावलीसारखी गेली. दुसऱ्या दिवशी हात पूर्ण वर आला. तिसऱ्या दिवशी थोरले उभे राहिले. ताईंनी त्यांच्या डावीकडच्याला बोलावलं, उजवीकडच्याला बोलावलं, त्यांच्या बाकाला तेवढं बोलवायचं बाकी ठेवलं. नियमात बोट ठेवायला जागा नव्हती. कुणाकडे बघायचं हा अध्यक्षांचा अधिकार.

सुरुवातीला लोक हसले. "थोरले, ताईंना एक चष्मा भेट द्या की!" "नको हो, मग त्यांना मी पण दिसेन!" पुढे पुढे हसू विरलं. थोरल्यांच्या मतदारसंघात लोक विचारू लागले, आमचा आमदार मुका झाला का? पक्षाने त्यांना पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर नेलं, तिसऱ्यावरून खांबाआड. मतं घटली. दर निवडणुकीला काठावर, आणि दर वेळी उंच खुर्चीत पुन्हा ताईच. घरी येणारी माणसं येईनाशी झाली. आणि ताई रोज खुर्चीत बसून तो माणूस थोडाथोडा झिजताना बघत. म्हणजे, न बघत.

घड्याळजींनी एकदा जेवताना हात वर केला आणि तसेच बसून राहिले.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"मीठ हवंय. म्हटलं, नजरेत भरतो का बघू."

ताई हसल्या नाहीत. मीठ मात्र दिलं.

मागच्या निवडणुकीपासून थोरल्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. अधिवेशनात रोज एक. ताई ती न उघडता फाडायच्या. उभी एकदा, आडवी एकदा. ते तुकडे पायाशी ठेवलेल्या टोपलीत पडताना जो आवाज व्हायचा, तेवढाच दिवसभरातला त्यांचा विसावा.

*

दुपारच्या सुट्टीत सगळी कचेरी फोटोसाठी जिन्यावर गेली. शिपाईसुद्धा केस विंचरून गेला. ताई एक फाइल उरकायला म्हणून दालनात एकट्याच थांबल्या होत्या. काठीचा आवाज आला आणि दार ढकलून थोरले आत आले.

"आज दारावर कुणी नाही, म्हणून आत आलो. एरवी तुमचा शिपाई सांगतो, ताई कामात आहेत."

ताईंनी फाइलमधून डोकं वर केलं नाही. "कामात आहेच."

"बसू का?"

"खुर्ची आहे."

थोरले बसले. जवळून ते फारच लहान दिसत होते. कॉलरमध्ये मान सैल झाली होती.

"पाच मिनिटं द्या," ते म्हणाले. "चिठ्ठीत तेवढंच लिहितो मी. वैयक्तिक निवेदन, पाच मिनिटं. पुन्हा काही मी निवडून येत नाही. उभाच राहणार नाही."

"सभागृहात हात वर करा."

"करतोय. दिसत नाही तुम्हाला."

ताईंच्या ओठाची एक कड हलली. थोरल्यांनी ते पाहिलं.

"हक्क आहे तुमचा," ते म्हणाले. "भाऊ होता तुमचा. मला फार उशिरा कळलं ते. त्याच्याचबद्दल बोलायचंय मला."

फाइलवरचं पेन थांबलं.

"काय बोलणार?"

"तो प्यायलेला नव्हता." थोरल्यांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "निवेदनाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला होता मला. शरीरात दारूचा थेंब नाही म्हणाले. मी म्हटलं, बरं. आणि उभं राहून उलटं सांगितलं. कठड्याचा दोष खात्यावर आला असता. खातं माझं होतं. मेलेला माणूस काय बोलणार, असा विचार केला."

खिडकीबाहेर जिन्यावर फोटोवाला ओरडत होता, मागच्यांनी टाचा उंच करा, टाचा!

"आणि हे," ताईंनी अगदी हळू विचारलं, "हे त्या चिठ्ठ्यांमागे होतं? इतकी वर्षं?"

"हेच. आणखी काय असणार?"

ताईंची नजर पायाशी गेली. टोपलीत सकाळच्या चिठ्ठीचे तुकडे होते. उभी एकदा, आडवी एकदा. वर्षानुवर्षं, रोज, स्वतःच्या हाताने. आणि वरच्या गॅलरीत पाठीत वाकलेली वहिनी. थोरल्यांनी भावाला एकदा मातीत घातलं. बाहेर काढायला आलेले हात कुणी झिडकारले मग?

त्यांना ते सहन होईना. म्हणून त्यांनी आपला जुना राग घाईघाईने वर काढला, पदर सावरावा तसा.

"तुमच्याकडे मी बघत नाही, ते भावासाठी असं वाटतं तुम्हाला? माझ्या पहिल्या भाषणात तुम्ही मला काय म्हणालात?"

थोरले गोंधळले. प्रामाणिकपणे गोंधळले. भुवया वर करून त्यांनी आठवून पाहिलं.

"भाषण?" ते म्हणाले. "तुम्ही या सभागृहात कधी बोललात? मला तर आठवत नाही."

टेबलावरच्या काचेखाली भावाचा डेपोतला फोटो होता, तो ताईंनी तळहाताने झाकला.

"द्याल ना पाच मिनिटं?" थोरले पुढे वाकले. डोळे ओले झाले होते. "मी सगळं लिहून आणलंय. सुरुवात जरा बरी जमलीय. आयुष्याच्या संध्याकाळी वगैरे. सभागृहापुढे मान झुकवीन, तुमचीही माफी मागेन. मोठ्या मनाने माफ करा म्हणेन. बरं वाटेल हो. तुम्हालाही."

ताईंना सगळं स्वच्छ दिसलं. थोरले उभे राहतील. आवाज कापेल, पण गोड लागेल. सभागृह हेलावेल, बाकं वाजतील. सकाळी वर्तमानपत्रात त्यांचा हात जोडलेला फोटो. केवढं मन, केवढं धाडस! आणि भाऊ? भाऊ त्या भाषणात शोभेला. हारातल्या दोऱ्यासारखा, फुलांच्या आड.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "घंटा झाली की बघेन."

"बघाल?"

"बघेन."

*

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ताई पायऱ्या चढल्या, खुर्चीत बसल्या. खांबाजवळ हात वर झाला.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यात डोळा घालून. सभागृहाच्या ते ध्यानात आलं आणि कुजबुज एकदम थांबली. थोरल्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले, घसा साफ केला.

ताई खाली वाकल्या आणि पायाशी बसलेल्या सचिवांना म्हणाल्या, "उपाध्यक्षांना बोलवा. मी खाली जातेय."

"तब्येत बरी नाही का, ताई?"

"तब्येत उत्तम आहे. मला बोलायचंय. माझ्या जागेवरून."

सचिवांचा चेहरा पडला. "असं कधी झालेलं नाही. प्रथा नाही, ताई."

"नियम आहे का?"

"आड येईल असा नियम नाही, पण—"

"मग व्हा बाजूला."

त्या उतरू लागल्या. चढताना रोज ऐकू येणारा तो आवाज उतरताना आला नाही. मधल्या वाटेने चालत, पहिली बाकं ओलांडून, मधली ओलांडून, त्या शेवटच्या रांगेत गेल्या. अध्यक्ष असले तरी आमदाराची जागा त्याच्या नावावर राहते. ती जागा इतकी वर्षं रिकामी होती. बाकावर धूळ होती. ताईंनी ती हाताने पुसली नाही. बसल्याच नाहीत. हात वर करून उभ्या राहिल्या.

उपाध्यक्ष तरुण होते. उंच खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी ताईंकडे.

"बोला, ताई," ते म्हणाले.

त्या जागेचा माइक कुणी चालू केला नाही. ताईंना त्याची गरज नव्हती.

"अध्यक्ष महोदय, माझा एकच प्रश्न आहे. खांबाजवळच्या माननीय सदस्यांना."

आवाज पोटातून आला. भिंतीला लागला, गॅलरीवर चढला. जुन्या आमदारांच्या माना वळल्या. हा आवाज त्यांनी कधीतरी ऐकला होता. एका अर्ध्या वाक्यापुरता.

"ते मंत्री असताना त्यांनी याच सभागृहात सांगितलं, की पुलावरून नदीत पडलेल्या बसचा चालक मद्यधुंद होता. सांगताना ते खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. खरं की नाही?"

थोरले उभेच होते. कागद उलगडला गेला.

"अध्यक्ष महोदय, आयुष्याच्या संध्याकाळी मागे वळून पाहताना—"

"खरं की नाही?"

"त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली, तर माननीय ताईंच्या मोठ्या मनाला—"

"माझं मन मोठं नाही," ताई म्हणाल्या. "खरं की नाही?"

लघुलेखकांच्या पेन्सिली कागदावर टेकून थांबल्या होत्या. थोरल्यांनी हातातल्या कागदांकडे बघितलं, जमून आलेल्या त्या सुरुवातीकडे. मग हात खाली आला.

"खरं," ते म्हणाले.

पेन्सिली चालल्या. तो एक शब्द उतरून घ्यायला वेळ तो किती लागणार.

"मला आणखी थोडं—" थोरल्यांनी सुरुवात केली.

"खाली बसा," ताई म्हणाल्या.

दरडावून नाही. पाहुण्यापुढे खुर्ची सरकवावी तसं. तिथून, शेवटच्या रांगेतून, तो अधिकार त्यांचा नव्हता. पण उपाध्यक्षांनी हरकत घेतली नाही, कुणीच घेतली नाही, आणि कुणी हसलंही नाही. थोरले खाली बसले. बसताना बाकाची कड चुकली, शेजारच्याने धरलं. कागद जमिनीवर पडले ते उचलायला ते वाकले नाहीत.

ताईंना गोड लागलं. खोटं कशाला सांगा, फार गोड लागलं. जिभेवरून उतरेपर्यंत.

मग त्यांनी वर बघितलं. गॅलरीत वहिनी उभी राहिली होती. गॅलरीत उभं राहायला मनाई. पहारेकरी तिला खुणावत होता, बसा, आजी, बसा. वहिनी कठड्याला दोन्ही हातांनी धरून तशीच उभी होती. वाकलेली पाठ जमेल तेवढी ताठ केलेली. घड्याळजींनी पहारेकऱ्याच्या मनगटाला हळूच हात लावला, आणि तो गप्प झाला.

ताईंचा फलाट ओलांडणारा तो आवाज कुठेतरी मागेच राहिला. उरला तो काचेच्या खोलीतला, सकाळचा, एकाच माणसासाठी असलेला. पण सभागृह इतकं शांत होतं, की तोही पुरला.

"अध्यक्ष महोदय," त्या म्हणाल्या, "त्या गाडीचा ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ होता. त्या दिवशी तो दूध पिऊन गेला होता. पेला मी विसळला."